पपईनंतरचा वाढदिवस

७ ऑक्टोबर, अमरावती

काल अकोल्याला दादाकडे कोजागरी झाली. गच्चीवर आटीव दुधाचे पातेले आले आणि त्याची लेक खुशी आपणहून उठून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. तिला कुणीही तसे सांगितले नव्हते. गहू, दूध आणि सोयाबीन या तिन्ही गोष्टी तिला बाधतात. चुकून पोटात गेल्या तर ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात, आणि एकदा तर श्वासही अडकला होता. त्यामुळे कोणत्या क्षणी आपण कुठे असावे, हे या सहा वर्षांच्या मुलीला कळते.

मी नारळपाण्याचा पेला घेऊन तिच्याजवळ बसले.

"आत्या, चौदा डिसेंबरले माझा बर्थडे आहे. मागच्या साली मी पपई कापली होती."

मला आठवत होते. दादाने पपईत मेणबत्त्या रोवल्या होत्या. पाहुण्यांसाठी बाजारातला केक आतल्या खोलीत, दार लोटून, वाटला होता, खुशीला तो दिसू नये म्हणून. मला तेव्हा ती युक्ती फार समंजस वाटली होती.

"शिवम म्हणे, तुझा बर्थडे भाजीवाल्याचा," खुशी म्हणाली. शिवम हा शेजारच्या गीतांजलीताईंचा मुलगा. "यंदा तू केक करशील? मले चालते तसा? अन् सगळ्याइले त्यातलाच देशील?"

किती उदार मन! जी वस्तू स्वतःला कधी मिळाली नाही, तीही वाटून टाकण्याचाच विचार.

मी "हो" म्हणाले. जिने आयुष्यात केक केलेला नाही, जिला वर्गात शंका विचारायची तर तास संपून सर दाराबाहेर पडेपर्यंत थांबावे लागते, त्या मी तत्काळ "हो" म्हटले. आज परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत माझी छाती धडधडत होती. ती भीती नव्हती. दहावीचा निकाल लागला त्या सकाळी असेच झाले होते.

९ ऑक्टोबर

दोन दिवस ग्रंथालयात काढले. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्या मुलीने केकचा अभ्यास चोरून का करावा, हे मलाही सांगता येणार नाही. पण समोर कुणी येऊन बसले की मी पुस्तकावर वही ठेवत होते.

प्रश्न असा आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडले की एक ताणला जाणारा चिवट धागा तयार होतो, आणि फुगताना उठणारे बुडबुडे तो धरून ठेवतो. ज्वारीत तो धागा नाही. म्हणजे मला भिंती नसलेल्या घरावर छप्पर घालायचे आहे! लोणी नाही, दूध नाही. अंडे खुशीला चालते, परंतु माझ्या घरमालकीण माणिकबाई माळकरी आहेत आणि स्वयंपाकघर त्यांचे आहे.

फुगण्याची सोय मात्र झाली. संत्र्याचा रस आंबट, खाण्याचा सोडा त्याच्या उलट. दोन्ही भेटले की वायू निघतो. माणिकबाईंचे माहेर शेंदूरजनाघाटचे, भावाची बाग. पोत्याने संत्री येतात. त्या स्वतः देवळासमोर फुले विकतात आणि दुपारी घरी येऊन मला बोलतात.

"दिवसभर पुस्तकात तोंड खुपसते, अन् आता म्हने केक करतो. भाकर तरी गोल येते का वं तुले?"

भाकर माझी गोल येते. मी बोलले नाही एवढेच.

१२ ऑक्टोबर

पहिला प्रयोग. कुकरची शिट्टी आणि रबर काढले, तळाशी मीठ पसरले, त्यावर डबा ठेवला. ज्वारीचे पीठ, गूळ, संत्र्याचा रस, सोडा, तेल. माझी भट्टी मंद आचेवर तापत होती आणि मी स्टुलावर बसून झाकणाकडे पाहत होते.

माणिकबाईंनी बोटाने टकटक वाजवून पाहिले. "हे का होय वं? दोन-चार अशा कर, मोरीचा ओटा बांधून घेतो."

प्रात्यक्षिकाचे गुण वीसपैकी तीन. तेही सुवासाचे.

१५ ऑक्टोबर

आज फुगला! झाकण उघडले तेव्हा इतका सुंदर घुमट दिसला की मी टाळी वाजवली, आणि मग कुणी पाहिले तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहिले. सुरी लावताच तो रेतीच्या ढिगासारखा कोसळला. बुडबुडे होते, पण त्यांना धरून ठेवणारे कुणी नव्हते.

चिकटपणासाठी जवस भिजवून पाहायचे ठरवले. भिजल्यावर त्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळ सुटते. दुकानात गेले होते, तेव्हा फळीवरची पाकिटे एकेक करून वाचली. बिस्किटे: गहू, दूध. चॉकलेट: दूध, आणि त्यातही सोयाबीनचा अंश. तेलाचा डबा: सोयाबीन. आमच्या दर्यापूरकडे नजर पोचेल तिथपर्यंत जे पीक उभे असते, ते इतक्या पाकिटांतून लपून फिरते, हे मला ठाऊकच नव्हते. आमच्या घरी सोयाबीन ही खाण्याची वस्तू कधी नव्हतीच. ते पेरायचे, काढायचे आणि विकायचे. दुकानदार म्हणाला, "मॅडम, घ्यायचं आहे का परीक्षा आहे?" मी कानापर्यंत लाल झाले आणि करडईचे तेल घेऊन बाहेर पडले.

गुण: आठ.

१८ ऑक्टोबर

सापडले! सापडले!

सकाळी भाकरीसाठी पीठ मळत होते. ज्वारी जुनी असली की भाकर थापताना तुटते. म्हणून तव्याशेजारी आधण ठेवून उकळत्या पाण्यात पीठ भिजवायचे, हे मी दहा वर्षांची असल्यापासून करत आले आहे. हात पिठात, आणि डोक्यात एकदम दिवा लागला. उकळत्या पाण्याने पिठातले पिष्ट फुगते आणि चिकट होते! हाच तर तो धागा! वर्गात मी यावर टिपणे काढली आहेत, घरी मी रोज भाकरी करते, आणि या दोन मुली आजवर एकमेकींशी बोललेल्याच नव्हत्या.

अर्ध्या पिठाची उकड काढली, निवू दिली, त्यात जवसाची बुळबुळ, नारळाचे दूध, गूळ, करडईचे तेल आणि उरलेले कोरडे पीठ घातले. शेवटी संत्र्याचा रस आणि सोडा. सुरी लावली. काप उभा राहिला! मी तो काप ताटलीत घेऊन अंगणात गेले आणि माणिकबाईंच्या समोर धरला. 

त्यांनी खाल्ला. बोटे चाटली. "आता बोलतो मी. आता हे खाण्याची वस्तू आहे."

गुण: पंधरा.

लगेच खुशीला फोन लावला. तिने विचारले, "किती जणाइले पुरते?"

मी म्हणाले, "डबा लहान आहे गं, पण तुला एकटीला दोन दिवस पुरेल!"

"बरं," म्हणाली, आणि फोन वहिनींकडे देऊन खेळायला गेली. लहान मुलांचे लक्ष किती पटकन उडते.

२१ ऑक्टोबर, घरी

दिवाळीला गावी आले. सोयाबीन नुकतेच निघाले आहे; अंगणात, ओसरीवर, बाबांच्या टोपीवर त्याचाच भुसा. मी आईला आणि बाबांना केकची सारी हकीकत सांगितली. इतके मी या घरात एका दमात कधी बोलले नसेन. आई कापूस वळायचे थांबून ऐकत होती.

"बजारची ज्वारी नको नेऊ," बाबा म्हणाले. "आपल्या घरची ने. खुशीसाठी आहे नं? मंग घरचीच पायजे. हिच्यात काही खोट निघाली तं माझं नाव चंद्रभान नाही."

त्यांनी कोठीतून ज्वारी काढली. आईने ती सुपात पाखडली. बाबांनी एक पोते घेतले, उलटे करून चांगले झटकले, इतकी पिवळी धूळ उडाली की मला लागोपाठ शिंका आल्या, आणि त्यात ती टपोरी, मोत्यासारखी ज्वारी भरून तोंड शिवले. उद्या जीपच्या टपावर ते पोते स्वतःच चढवून देणार आहेत.

परवा भाऊबीज. दादाला ओवाळीन आणि खुशीला केक देईन!

२४ ऑक्टोबर, अकोला

लिहायला बसवत नाही.

काल ज्वारी वहिनींच्या घरघंटीत दळली. ती गिरणी त्यांनी खुशीसाठीच घेतली आहे. तिच्यात गहू कधीही पडलेला नाही. केक उत्तम झाला होता. खुशीने दोन घास खाल्ले आणि हसली. मग तिने ओठ खाजवले.

वहिनी किंचाळल्या नाहीत. त्यांनी फ्रिजवरचा औषधाचा डबा काढला, मुलीला उचलले आणि चपला न घालता खाली गेल्या. दादाने गाडी काढली. दवाखान्यात इंजेक्शन दिले. संध्याकाळपर्यंत सूज उतरली, रात्री ती वरणभात खाऊन झोपली.

वहिनी मला एवढेच म्हणाल्या, "ताई, आता राहू द्या."

दादाचे ओवाळणीचे ताट तसेच राहिले.

२५ ऑक्टोबर, अकोला

कारण मिळाले. पोते रिकामे केले. कापडाची शिवण उलटवली, तर धाग्यांत अडकलेल्या पिवळ्या डाळिंब्या दिसल्या. सोयाबीनच्या. अशा डाळिंब्या मी अंधारातही हाताने ओळखीन. सारे आयुष्य त्यांच्यात गेले, आणि म्हणूनच पोत्यात मी डोकावून पाहिले नाही. दुकानातले प्रत्येक पाकीट वाचणारी मी. आपल्या घरचे पोते मात्र वाचायचे असते, हे माझ्या मनातही आले नाही.

बाबांना फोनवर सांगितले. पलीकडे फोन आईच्या हातात गेला. मग आई बोलली. "थे उठून वावरात गेले."

वहिनी सकाळपासून घरघंटी उघडून बसल्या आहेत. एकेक भाग धुऊन उन्हात ठेवत आहेत. मी मदत करू का विचारले, तर मान हलवली. "नको." मी दुपारच्या गाडीने निघते आहे.

२ नोव्हेंबर, अमरावती

अभ्यास करते आहे. कुकर फळीवर ठेवून दिला आहे.

वहिनी रोज फोन करतात. "ताई, जेवल्या का?" मी "हो" म्हणते. त्या थोडे थांबतात, मी थोडी थांबते, आणि फोन ठेवला जातो. रागावलेले माणूसही रीत सोडत नाही, हे त्यांच्याकडून शिकावे.

बाबांचाही फोन आला. भलतेच विचारत होते. "एका लेकराले सालभर ज्वारी किती लागते वं?" मी अंदाज सांगितला. "अन् खळं वेगळं करावं लागन नं?" मी म्हटले, कशाचे खळे? तर म्हणाले, "काही नाही. जेवून घेजो." म्हातारपणी मन असे भरकटत असावे.

९ नोव्हेंबर

आज वहिनींचा फोन जरा लांबला.

"ताई, थे जवस किती वेळ भिजवता तुमी?"

"अख्खे असले तर उकळत्या पाण्यात. गार होईस्तोवर. कावून?"

"असंच. अन् उकड पातळ होते का घट्ट?"

"भाकरीपेक्षा सैल. चमच्यातून पडली पाहिजे."

"हं." मग एकदम म्हणाल्या, "माझी फुटून राहिली होती," आणि घाईने, "भाकर म्हनतो मी."

त्यांची भाकर कधी फुटलेली मी पाहिलेली नाही. काळजीने हात बिघडतो तो असा.

माणिकबाईंना मी संध्याकाळी सारे सांगितले. त्या हार गुंफता गुंफता म्हणाल्या, "पोरी, तू पोते नाही पाहिलं, आता पाहशील. एवढंच झालं. कुकर खाली काढ. मले बी गोड खावंसं वाटून राहिलं, अन् तू बसली सुतकात."

कुकर खाली काढला.

१६ नोव्हेंबर

अठरा! आज वीसपैकी अठरा!

काल संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी पापुद्रा किसून घातला आणि तेलात थोडा गूळ आधी विरघळवून घेतला. ओला, हलका, दुसऱ्या दिवशीही न तुटणारा. माणिकबाईंनी दुसरा काप मागितला आणि मी तो वजनासाठी राखून ठेवला आहे म्हटले, तर म्हणाल्या, "वजन माझ्या पोटात कर." फुलांच्या टोपलीत लपवून त्यांनी तो देवळाजवळ नेला आणि शेजारच्या नारळवाल्यालाही खाऊ घातला. परत येऊन सांगतात, "त्याले सांगतलं नाही कशाचा आहे म्हनून. आधी खाऊ दिला."

मी खूप हसले. किती दिवसांनी!

३० नोव्हेंबर

वहिनींचा फोन. "ताई, बारा तारखेले येजा. भांडे इथंच आहेत."

वाढदिवसाला पाहुणे पुष्कळ, घरात कामाला हात हवे असतील. मी जाईन. केकचे नाव मी काढले नाही. पिशवीत मात्र लहान डबा, करडईचे तेल आणि शेंदूरजन्याची संत्री ठेवते आहे. नुसतीच.

१२ डिसेंबर, अकोला

किती घडले आज!

स्वयंपाकघरात शिरले तर ओट्यावर वाटीत जवस भिजत होते. शेजारी काळा पडलेला डबा. कचऱ्याच्या बादलीत फुटलेले काप. वहिनींनी माझ्याकडे पाहिले, बादलीकडे पाहिले.

"पाचवी खेप होय हे," म्हणाल्या. "मी खाऊन पाहतो, खुशीले नाही देत. धीरच नाही होत. तुमी करा, मी बाजूला उभी राहतो."

म्हणजे त्या रोज... मी इतकी पुस्तके वाचली आणि रोज येणारा एक फोन मला वाचता आला नाही.

आईने पाठवलेली ज्वारी आधीच येऊन पडली होती. कोऱ्या मांजरपाटाची पिशवी. हाताने शिवलेली, शिवून धुतलेली. आईने दाणा न् दाणा ताटात निवडला आहे. आम्ही दोघींनी तो पुन्हा निवडला. पिशवीची शिवण मी उलटवून पाहिली. वहिनींनीही पाहिली.

दुपारी केक झाला. वहिनींनी औषधाचा डबा मांडीवर घेतला, खुशीला जवळ बसवले आणि नखाएवढा तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. एक हात तिच्या पाठीवर. मी घड्याळाकडे पाहत होते. रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. खुशी कंटाळली.

"आई, आता हात काढ नं. गुदगुल्या होते."

वहिनींनी हात काढला. मग थोडा मोठा तुकडा दिला. मग त्यांनी स्वतः खाल्ला, आणि पदराने तोंड झाकून पाठमोऱ्या झाल्या. मला वाटले ठसका लागला.

दादा शाळेतून आला. तो शिक्षक आहे; त्याचे सहकारीही परवा येणार आहेत. "झकास!" म्हणाला. "खुशीचा केक झाला. अन् पाहुण्याइच्या अननसाच्या केकचं मी सांगून आलो. तो आतल्या खोलीत वाटू. सगळं जमलं."

खरेच, सगळे जमले!

१३ डिसेंबर, अकोला

मी वाढदिवसाचा केक सकाळीच केला. निर्दोष. एकोणीस गुण, आणि एक केवळ नजर लागू नये म्हणून कापलेला. खुशीला उचलून दाखवला.

तिने तो बराच वेळ पाहिला. मग बोट हवेत धरून त्यावर रेघा ओढू लागली. एक मध्ये, एक आडवी, मग तिरप्या. ओठ हलत होते. "शिवम, गीतांजलीकाकू, आबा, आजी, सरांची मुलगी..." रेघा संपल्या. नावे संपली नव्हती.

"हा तं माझ्यापुरताच आहे," ती म्हणाली. "म्हणजे यंदा पन मी एकटीच."

आणि ती बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. कोजागरीला बसली होती त्याच पायरीवर.

सगळ्यांना त्यातलाच देशील? किती जणांना पुरतो? तिने पहिल्या दिवशी हेच विचारले होते, फोनवर हेच विचारले होते, आणि मी तिला बुडबुड्यांची गोष्ट सांगत राहिले.

दादा चहा पीत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.  "दादा, तो अननसाचा केक आणू नकोस."

"कावून?"

"एकच केक राहील. हा. सगळ्यांना."

"वेडी झाली का तू? पन्नास माणसं येतीन. हेडमास्तर येतीन. त्याइले काय ज्वारीचा केक देऊ? म्हणतीन, मास्तरनं भाकरीवर मेणबत्ती लावली."

"म्हणू देत."

"अन् मी थो केक आत ठेवतो थे कोनासाठी? तिले दिसू नये, तिले वाईट वाटू नये म्हनूनच तं!" त्याचा आवाज चढला होता, आणि फुटलाही होता.

"तिला केक दिसत नाही, दादा. तिला लोटलेलं दार दिसतं."

हे मी बोलले. कुणाच्याही मागे न लपता, पूर्ण वाक्यात.

दादाने कप खाली ठेवला. वहिनींनी त्याचा फोन उचलला आणि त्याच्यासमोर धरला. त्याने नंबर लावला. "हॅलो... हो, उद्याचा. नाही, नको आता." फोन ठेवून म्हणाला, "पन्नास माणसाइचा केक या दोन वाटीएवढ्या डब्यात कसा करता थे मी पाहतो."

मग जी धांदल उडाली! गीतांजलीताईंचे दोन कुकर आले. वहिनींनी ते राखेने, मग साबणाने, मग उकळत्या पाण्याने घासले. दादा बाजारातून कोरे डबे घेऊन आला. पीठ दुपारीच संपत आले, आणि मी डोके धरून बसणार तोच बाबा आणि आई जीपमधून उतरले. बाबांच्या खांद्यावर मांजरपाटाची दुसरी पिशवी.

"किती लागन थे कोनी सांगतलं नाही," बाबा म्हणाले. "म्हनून होती तितकी आनली." पिशवी ठेवताना त्यांनी ती स्वतःच उलटसुलट करून शिवण वहिनींना दाखवली. "पाहून घे, बाई. सोयाबीन निघालं त्या धुऱ्याजवळच्या तुकड्यात यंदा हरभरा नाही टाकला. ज्वारी पेरली. खळं वेगळं करतो. पोते नवे. खुशीच्या नावाचंच वावर होय थे."

वहिनी पिशवीकडे पाहत राहिल्या. "आबा, बसा. चहा ठेवतो."

घरघंटी फिरत होती, तीन कुकर तीन शेगड्यांवर, दादा संत्री पिळत होता आणि शर्टभर रस. खुशी प्रत्येक डबा निघाला की मोठ्याने नाव घेई: "हा शिवमचा! हा हेडमास्तराइचा!" एक फुटला. "हा बाबाचा!" दादाने तो तिथेच उभ्याने खाल्ला आणि दुसरा कधी फुटतो म्हणून विचारू लागला.

संध्याकाळी सारे केक मोठ्या परातीत शेजारी शेजारी मांडले आणि संत्र्याच्या घट्ट पाकाने एकमेकांना जोडले. आईच्या गोधडीसारखा दिसतो. हात भाजले आहेत. मला गावे असे वाटते आहे, आणि मला गाता येत नाही.

१५ डिसेंबर, बसमध्ये

काल कोणतीही खोली बंद नव्हती.

शिवमने आल्या आल्या विचारले, "पपई कुठी आहे?"

"यंदा सुट्टी दिली तिले," खुशी म्हणाली.

मेणबत्त्या परातीभर लागल्या. तिने सुरी धरली, वहिनींनी तिचा हात धरला. टाळ्या झाल्या. पहिला घास आम्ही तिच्या तोंडाजवळ नेला, तर तिने तोंड बाजूला केले.  तिने ताट उचलले आणि खोलीच्या त्या टोकापासून वाटायला सुरुवात केली. "घ्या. घ्या नं. संपून जाईन. काका, तुमी कमी घेतला." हेडमास्तरांनी एक काप खाल्ला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. "सर, कोणत्या बेकरीतला हो?"

दादाने सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले, "बेकरीतला नाही. घरच्या ज्वारीचा. आमच्या प्रणालीनं केला, अन् खुशीच्या आईनं."

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. मी खाली पाहिले नाही. थोडेसेच पाहिले.

आई ओरडली, "अवं पोट्टे, तू खाल्ला का?"

"थांब नं आजी, आधी पाहुणे!"

सगळ्यांना वाटून झाल्यावर ती शिवमच्या शेजारी, जमिनीवर, सगळ्यांच्या मधोमध बसली आणि खाऊ लागली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. औषधाचा डबा फ्रिजवर होता. त्यांनी तिकडे एकदाही पाहिले नाही.

सवयीने आता गुण लिहायला घेतले, आणि लक्षात आले की लिहिता येत नाहीत. मी परातीकडे पोचले तेव्हा तिच्यात फक्त पाक लागलेला होता. केक कसा झाला होता, हे मला ठाऊक नाही.

खुशीने बोटाने तो पाक पुसून चाटला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "आत्या, तुले नाही उरला. पुढच्या साली याच्याहून मोठा करजो."